पाहुण्याचं दूध

जांभळखेड्यात दगडोबाच्या ओसरीवर चढलेला माणूस चहा घेतल्याशिवाय खाली उतरला, असं कधी झालं नव्हतं. भूमहून सोनारीला जाणारी वाट या घराच्या अंगणाला घासून जाते. रविवारी काळभैरवाला निघालेली माणसं, बाजारहून परतणारी, सोयरीक जमवायला चाललेली, हरवलेलं जनावर शोधणारी, सगळी आधी इथं टेकत. दगडोबा घोंगडं झटकून अंथरायचा, आत तोंड करून नुसता खाकरायचा आणि आतल्या बायकांनी चूल फुंकायची. त्याच्याकडं पाटीलकी नव्हती, जमीनही बेताचीच होती. पण 'दगडूआबाची ओसरी' म्हटलं की भूमच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारातसुद्धा लोक ओळखीची मान हलवत. माणसाला कशाची ना कशाची मिजास असतेच. कुणाला बैलांची, कुणाला मिशांची, तशी दगडोबाला चहाची होती, आणि चहा म्हणजे दुधाचा. कोरा चहा पुढं ठेवणं म्हणजे पाहुण्याला उंबऱ्यावरून हाकलणं, असं तो मानायचा.

पाहुणेही रीत सोडत नसत. कप पुढं आला की आधी हात आडवा करून म्हणायचे, "नगं आबा, आत्ताच घिऊन आलाव."

"आसं कसं, आर्धा तरी घ्या," दगडोबा म्हणायचा.

पाहुणा आणखी एकदा नको म्हणायचा, दगडोबा आणखी एकदा आग्रह करायचा, आणि मग पाहुणा बशीत ओतून सगळा कप संपवायचा. हा रोजचा खेळ होता आणि तो कुणी मोडत नसे.

त्या साली पावसानं मृगात तोंड दाखवलं आणि मग तो पोळ्यापर्यंत फिरून आलाच नाही. मागास पेरलेली ज्वारी गुडघ्याएवढी राहिली. कडब्याची गंज दिवाळीआधीच जमिनीला टेकली. घरात एकच म्हैस, ती वाळल्या काडीवर किती दिवस दूध देणार? आधी तिनं एक वेळचं दूध चोरलं, मग दोन्ही वेळचं, आणि एका सकाळी सत्यभामा रिकामी चरवी घेऊन गोठ्यातून बाहेर आली. सत्यभामा दगडोबाची सून, ज्ञानोबाची बायको. चरवी पालथी घालताना तिला वाटलं, आता ओसरीचं काय व्हायचं. स्वतःच्या लेकीचा विचार तिच्या मनात नंतर आला, आणि ही गोष्ट पुढं तिला फार टोचली.

लेक म्हणजे अंबू. तिचा चौथा उन्हाळा अजून यायचा होता. तिच्या दुधाची काळजी सरकारनं घेतली होती, म्हणून सत्यभामा निर्धास्त होती.

लेकरं जोखायचा उद्योग गावात मागच्या वर्षी सुरू झाला होता. दिल्लीची एक संस्था, मुंबई सरकारचं आरोग्य खातं आणि भूमची पंचायत समिती, अशी तिघं मिळून काही गावांतल्या लहान मुलांवर पाच वर्षं नजर ठेवणार होती. ठरावीक दिवसांनी वजन करायचं, उंची मोजायची, डोळे-दात बघायचे आणि दर बाजाराच्या दिवशी मुलामागं दुधाची भुकटी द्यायची. दुधानं मुलं किती वाढतात, कोण आजारी पडतं, कोण दगावतं, हे त्यांना बघायचं होतं. गावानं आधी धुडकावून लावलं. जित्या लेकराला तराजूत घालत नसतात, नजर लागते, असं म्हाताऱ्यांचं म्हणणं. "तीन तीन सरकारं आन् कामं बघा, पोरं जोखायची," असंही लोक म्हणायचे. तेव्हा डॉक्टर वसंतराव दगडोबाच्या ओसरीवर येऊन बसले, चहा प्यायले, आणि त्यांनी म्हाताऱ्याला पटवलं. दगडोबानं युक्तीही काढली. देवापुढं नवसाचं लेकरू गुळानं तोलतातच, मग आधी पारड्यात गुळाचा खडा ठेवायचा, देवाचं नाव घ्यायचं, मग सरकारचा काटा. नजर लागायचा प्रश्नच उरला नाही. पहिलं लेकरू त्यानं स्वतःचं घातलं. अंबूला काट्याच्या झोळीत बसवून त्यानं गावाकडं बघितलं आणि गाव मुकाट्यानं रांगेला लागलं. डॉक्टर ही गोष्ट विसरले नव्हते. गावात आले की पहिला चहा दगडोबाकडं, हे ठरलेलं.

म्हैस आटली त्याच आठवड्यात ओसरीवर सरपंच महारुद्र आणि भूमचा व्यापारी बसप्पा येऊन बसले. दगडोबा खाकरला.

सत्यभामा आत सासूला म्हणाली, "आत्या, दूध न्हाय."

सासू तुळजाबाई चुलीपुढं बसली होती. तिनं फडताळाकडं बघितलं. तिथं भुकटीचा डबा होता.

"एक डाव घाल त्यातली."

"अंबूचं हाय ते."

"पोरीला भाकर हाय की. आन् एका डावानं काय तिचं वाळतंय? झाकली मूठ सव्वा लाखाची आसती बाई. आत्ता भाईर जाऊन सांगतीस का, दगडूआबाच्या घरात दूध न्हाय म्हणून?"

सत्यभामानं डाव भरून भुकटी कालवली. गुठळ्या मोडेनात, तर बोटानं मोडल्या. चहाला रंग आला. दगडोबानं पहिला घोट घेतला आणि त्याचा हात थांबला. चव वेगळी होती. त्यानं एकदा आतल्या दाराकडं बघितलं आणि मग बसप्पाला म्हणाला, "घ्या, घ्या. गार हुतोय." दूध कुठून आलं हे त्यानं विचारलं नाही. तेव्हा नाही आणि नंतरही नाही. न विचारण्यात मोठी सोय असते, आणि घरच्या कर्त्या माणसाला ती सोय सगळ्यात आधी सापडते.

एका डावाचे दोन झाले. रविवारी सोनारीला जाणारी माणसं वाढली. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं, तसं नेमकं त्याच महिन्यात दगडोबाच्या थोरल्या लेकीचं सासर आठ दिवस मुक्कामाला येऊन गेलं. डबा बाजारच्या दिवशी भरायचा आणि दोन-तीन दिवसांत तळ दाखवायचा. अंबूला सकाळी भाकरीचा कुस्करा, वर पाणी आणि मीठ. कधी भांडं विसळलेलं पांढरट पाणी तिच्या वाटीत पडायचं.

अंबू मोठी गुणाची होती. तुळजाबाईनं तिला दोन्ही हातांत पेला धरून चालायला शिकवलं. "हे पाव्हण्याचं हाय, सांडू नगं." पोरगी जीभ दातात धरून, डोळे पेल्यावर ठेवून, एकेक पाऊल टाकत ओसरीपर्यंत जायची आणि पाहुण्यापुढं ठेवायची. पाहुणे खूष व्हायचे. वजन करणाऱ्या विमलबाई तुळजापूरच्या एका कारकुनाच्या घरच्या, शिकलेल्या. त्या गावात आल्या की याच ओसरीवर टेकायच्या. अंबूच्या हातून कप घेत त्या एकदा म्हणाल्या होत्या, "केवढी गं शहाणी. हिच्या वयाची मुलं कपडे ओले करतात." सत्यभामा तेव्हा दाराआड होती. तिला हसू आलं नाही.

एकदा तिनं धीर केला होता. ज्वारीला हुरडा धरला त्या दिवसांत, घरात तुळजाबाई नाही असं बघून, तिनं चार कप कोरा चहा बाहेर पाठवला. दगडोबानं ते कप बघितले. पाहुण्यांना म्हणाला, "दूध उतू गेलं जनू. बसा जरा." आणि स्वतः उठून ते चारही कप आतल्या उंबऱ्यावर आणून ठेवले. एक शब्द बोलला नाही. तो बोलला असता, शिवी दिली असती, तर सत्यभामाला काही तरी उत्तर सुचलं असतं. चार कपांना काय उत्तर द्यायचं? तिनं डबा काढला.

माघात ज्वारीची काढणी आली. रब्बीची ज्वारी मुळासकट उपटावी लागते. ठेंगणी ज्वारी उपटायला जास्तच वाकावं लागतं, आणि कोरड्या पडलेल्या काळ्या रानात मूळ सुटता सुटत नाही. सत्यभामाच्या तळहातांना फोड आले, फुटले, त्यावर परत धाट धरावं लागलं. नेमक्या त्याच दिवसांत वजनाची तारीख पडली. ती ज्वारीची अर्धी पात टाकून अंबूला काखेत घेऊन शाळेच्या पडवीत गेली.

पडवीच्या आढ्याला काटा टांगला होता. पारड्यात गूळ ठेवून झाला. शेजारच्या शिवम्माची पोर झोळीत बसली तशी काट्यानं गपकन खाली झोल खाल्ला. विमलबाई म्हणाल्या, "वा. दुधानं अंग धरलंय." मग अंबू बसली. काटा मागच्या खेपेच्या आकड्यावर जाऊन थांबला. विमलबाईंनी झोळी सरळ केली, परत बघितलं. त्याच्या आधीच्या खेपेलाही काटा तिथंच थांबला होता. त्यांनी अंबूचे तांबूस पडलेले केस बोटात धरले. पायाच्या पंजावर अंगठा दाबला. अंगठा उचलल्यावर खळगा तसाच राहिला. सगळ्या बाया त्या खळग्याकडं बघत होत्या.

"बाई, हिला भुकटीचं दूध देता ना रोज?"

"देताव की," सत्यभामा म्हणाली.

"रोज?"

"व्हय."

"आंगीच लागत नसंल," शिवम्मा म्हणाली. तिनं ते साधंच म्हटलं, पण दोघी-तिघींनी तोंडाला पदर लावला. दगडूआबाच्या घरचं लेकरू असं, हे बघायला मिळाल्याचं थोडं समाधान त्या पदराआड होतंच.

विमलबाईंनी आवाज उतरवला. "मग आत काही तरी दुखणं आहे. एवढं दूध पोटात जाऊन वजन वाढत नाही, म्हणजे यकृताचं असेल. डॉक्टरसाहेबांना मी सांगते. ते घरी येऊन बघतील."

सत्यभामानं अंबूला उचललं. तिचे हात भाजल्यासारखे झोंबत होते. खोटं बोलल्यावर माणसाला वाटतं, आता जमीन फाटेल. तसं काही होत नाही. ती रानात परत गेली आणि उरलेली पात उपटू लागली.

ज्ञानोबा पुढच्या पातीवर होता. ती त्याच्या जवळ आल्यावर म्हणाली, "आवं, आबास्नी सांगा."

"काय सांगू?"

"तुमाला ठावं न्हाय का?"

ज्ञानोबानं उपटलेलं धाट झटकलं. मुळाची माती त्याच्याच पायावर पडली. "ओसरी त्येंची हाय. म्या त्येंच्या तोंडाला तोंड दिऊ का?"

"ओसरी त्येंची हाय. पोरगी तुमची हाय."

तो वाकला आणि पेंढी बांधायला लागला. चांगला माणूस होता तो, बैलाला कधी पराणी लावली नाही त्यानं. पण बापापुढं त्याची जीभ टाळूला चिकटायची, आणि असल्या चांगुलपणाचा घरच्या बाईला काही उपयोग नसतो.

काढणी संपून खळं लागलं तेव्हा डॉक्टर आले. जीप अंगणात उभी राहिली, तशी निम्मी गल्ली गोळा झाली. महारुद्र होता, बसप्पा ज्वारीचा अंदाज बघायला आलेला होता. दगडोबानं घोंगडं झटकलं, त्यावर डॉक्टरांना बसवलं आणि आत तोंड करून खाकरला. आदल्या दिवशीच बाजार झाला होता, डब्यात भुकटी होती. तुळजाबाईनं स्वतः चहा केला. अंबूनं एकेक कप नेऊन ठेवला.

"नको आबा, आत्ताच घेऊन आलो," डॉक्टर हसून म्हणाले. त्यांनाही आता रीत कळली होती.

"आसं कसं सायेब, आर्धा तरी घ्या."

डॉक्टरांनी सगळा घेतला. विमलबाईंनीही घेतला. मग डॉक्टरांनी अंबूला पुढ्यात उभं केलं, पोट चाचपलं, डोळ्याची पापणी ओढून बघितली, पायावर अंगठा दाबला. त्यांचं हसू गेलं.

"आबा, हे चांगलं नाही," ते म्हणाले. "वर्ष झालं, दूध चालू आहे, आणि पोर वाढत नाही, उलट सूज आलीय. हिला सोलापूरला न्यावं लागेल. आजच, माझ्या जीपमधून. पोटात सुई घालून यकृताचा कणभर तुकडा काढून तपासायचा. महिना लागेल, दोन लागतील. आई बरोबर येऊ दे."

दाराआड सत्यभामानं चौकट धरली.

"पोटात सुई?" दगडोबा म्हणाला.

"त्याशिवाय कळणार नाही. धोका थोडा असतो, पण करावं लागेल. आणि आणखी एक आहे. अशी मुलं इतर गावांतही थोडी निघालीत. दूध देऊन न वाढणारी. दिल्लीला कळवावं लागेल की नुसत्या भुकटीनं भागत नाही. मग ती पुढच्या गावांना द्यायची की नाही, ते लोक ठरवतील." डॉक्टर विमलबाईंकडं वळले. "तुमच्याकडची भुकटी आहे ना? पेलाभर कालवा. माझ्यासमोर पिऊ दे, उलटी करते का बघू."

विमलबाईंनी अंगणातच रांजणातलं पाणी घेऊन दूध कालवलं आणि अंबूच्या हातात पेला दिला. "पी बाळ."

अंबूनं पेला दोन्ही हातांत धरला. पेल्यात वाकून बघितलं. जीभ दातात धरली. आणि ती चालू लागली. माणसांमधून वाट काढत, एकेक पाऊल टाकत, ती ओसरीची पायरी चढली आणि घोंगड्यावर बसलेल्या डॉक्टरांपुढं तिनं पेला धरला.

"घ्या."

डॉक्टर हसले. "मला नको गं. तू पी."

अंबूनं पेला आणखी पुढं केला. "आसं कसं, आर्धा तरी घ्या."

अंगणात हशा पिकला. महारुद्र मांडीवर थाप मारून हसला. विमलबाईही हसत हसत पायरीशी आल्या. "अंबू, तुझं आहे ते दूध."

"न्हाय," अंबू म्हणाली. "पाव्हण्याचं हाय."

हसू एकदम थांबलं नाही. मागं उभे असलेले जरा वेळ हसतच होते, मग पुढचे का गप्प झाले हे बघायला तेही गप्प झाले. बसप्पानं हातातली बशी हळूच खाली ठेवली. डॉक्टरांच्या शेजारी त्यांचा रिकामा कप होता. त्याच्या तळाला दुधाळ चहा राहिला होता. त्यांनी त्याच्याकडं बघितलं.

"आबा, या दुष्काळात म्हैस आटली असेल ना तुमची?"

"व्हय."

"मग दूध?"

दगडोबा ताठ बसला. "गावातनं आणताव की, सायेब. लेकराचं काय मनावर घेता. खेळायलंय त्ये."

गावात दूध कुणाकडं होतं? अंगणात उभ्या असलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं की त्या महिन्यात जांभळखेड्यात एकही म्हैस दुभती नव्हती. पण दगडूआबा खोटं बोलतो असं तोंडावर कोण म्हणणार? ज्ञानोबा पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होता. तुळजाबाई दारातून आत झाली.

डॉक्टर उठले. "बरं. मग वेळ नको. कपडे बांधा हिचे."

सत्यभामा आत गेली. अंबूची दोन झबली फडक्यात बांधली. बांधताना तिला गाठ मारता येईना, हातांना अजून भेगा होत्या. बाहेर येऊन तिनं अंबूला काखेत घेतलं. ओसरीवरून जाताना ती सासऱ्यापुढं थांबली. आजवर ती त्याच्याशी तोंड वर करून कधी बोलली नव्हती. आताही ती नुसती थांबली, आणि अंबू तिच्या खांद्यावरून म्हणाली, "आबा, कुठं जायचं?"

दगडोबानं पोरीकडं बघितलं. तिच्या हातात तो पेला तसाच होता. थेंब सांडला नव्हता.

सत्यभामा पायरी उतरली, जीपपर्यंत गेली. जीपवाल्यानं मागचं फळकट खाली घेतलं.

"सायेब," दगडोबा म्हणाला. कुणाला ऐकू गेलं नाही. त्यानं परत म्हटलं, "सायेब, थांबा. लेकरू नेऊ नगा. लेकराला काय बी झाल्यालं न्हाय."

डॉक्टर वळले.

"तिच्या पोटात दूध गेल्यालंच न्हाय. म्या पेलो. आमी पेलाव." तो बसप्पाकडं न बघता बोलला, महारुद्राकडं न बघता बोलला. "हितं बसून समद्यांनी पेलं. तुमी बी."

डॉक्टर पुन्हा बसले नाहीत आणि जीपकडंही गेले नाहीत. ते अंगणात मधेच उभे राहिले. विमलबाईंचा हात आपोआप तोंडाकडं गेला, ओठ पुसायला जातो तसा. दर खेपेला त्यांनी इथं चहा घेतला होता आणि दर खेपेला पोरीला शहाणी म्हटलं होतं. त्यांच्या डोळ्यात पाणी आलं, आणि ते कुणी बघू नये म्हणून त्या पिशवीत काही तरी शोधू लागल्या.

"बाकीच्या घरी?" डॉक्टरांनी विचारलं. त्यांनी ते कुणा एकाला विचारलं नव्हतं. मागच्या मागं एक म्हातारा निघाला, मग एक बाई पोराचा हात धरून निघाली. बघता बघता निम्मं अंगण रिकामं झालं. जे गेले त्यांच्याकडं डॉक्टर बघत राहिले.

"मुलगी इथंच राहू द्या," ते शेवटी म्हणाले. "दूध तिच्याच पोटात जाऊ द्या. पुढच्या खेपेला बघू. तरीही सूज राहिली, तर मात्र न्यावं लागेल." दगडोबाकडं न बघता ते जीपमध्ये चढले. जीप गेली. बसप्पाही उठला, पायताण घालताना म्हणाला, "येतो आबा," आणि ज्वारीचा अंदाज न बघताच गेला.

त्या दिवशी दगडोबा जेवला नाही. ओसरीवरचं घोंगडं त्यानं गुंडाळून कोपऱ्यात ठेवलं आणि तो उघड्या जमिनीवर बसून राहिला. वाटेनं माणसं गेली. एकानं हाक घातली, "आबा, हाव का?" त्यानं ओ दिली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सत्यभामानं कुणाला न विचारता डबा काढला. दूध कालवलं, गुठळ्या मोडल्या, पेला अंबूच्या तोंडाशी नेला. अंबूनं तो दोन्ही हातांत घेतला आणि ती ओसरीकडं निघाली. सत्यभामा तिच्या मागं दारापर्यंत गेली. तिला ओरडायचं होतं, पण ओरडायचं कुणावर?

ओसरीवर पाहुणा नव्हता. अंबूनं इकडं तिकडं बघितलं, वाटेकडं बघितलं. मग तिनं पेला दगडोबापुढं नेऊन ठेवला.

"पाव्हणं कुठं गेलं, आबा?"

दगडोबा त्या पेल्याकडं बघत राहिला. मग उठला, गुडघ्यावर हात देऊन. कोपऱ्यातलं घोंगडं आणलं, झटकलं, अंथरलं, त्याची एक दुमडलेली कड हातानं सारखी केली.

"हितं बस," तो म्हणाला.

"म्या?"

"व्हय. आज तू पाव्हणी."

अंबू घोंगड्यावर बसली. पाहुणे बसतात तशी, पाय दुमडून, झबलं गुडघ्यावर ओढून. पाय सुजलेले असल्यानं तिला नीट मांडी घालता आली नाही. दगडोबानं पेला उचलला. उचलताना दूध काठाला लागून थोडं सांडलं. त्यानं तो दोन्ही हातांनी नातीपुढं धरला.

अंबूनं हात आडवा केला. "नगं आबा," ती म्हणाली, "आत्ताच घिऊन आलाव."

दाराशी सत्यभामानं पदराचा बोळा तोंडात धरला. जन्मभर दगडोबानं आल्यागेल्याला आग्रह केला होता. त्याला लाज कधी वाटली नव्हती. आता तेच शब्द म्हणायची त्याला लाज वाटली.

"आर्धा तरी घ्या," तो म्हणाला.

अंबूनं परत मान हलवली, कारण पाहुणा दोनदा नको म्हणतो. त्यानं परत म्हटलं. मग तिनं पेला घेतला आणि पिऊ लागली. सवय नसल्यानं तिला मधे ठसका लागला. दूध हनुवटीवरून झबल्यावर ओघळलं. अर्धा पेला झाल्यावर ती थांबली, आत वाकून किती उरलं ते नीट बघितलं आणि उरलेला अर्धा तिनं आजोबापुढं सरकवला.

"आता तुमी."

दगडोबाची मान खाली गेली. ती त्याला वर करता येईना. खाली बघतच त्यानं पेला परत तिच्याकडं सरकवला आणि तो पुन्हा म्हणू लागला, "न्हाय. तुमीच घ्या. घ्या, माय. समदं घ्या."